जावयाच्या नावाचा टाय

कोंढ्याच्या लक्ष्मणरावांच्या घरची एक रीत आहे. नवरदेवाच्या अंगावर लग्नाचे कपडे चढवायचे ते घरच्या जावयानेच. दुसऱ्या कुणी सदऱ्याच्या गुंडीलाही हात लावायचा नाही. आधी धोतर होतं, मग सफारी आली, आणि आता कोट, पँट आणि टाय. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नाही. मोडली तर कोण कोण रुसून बसेल ते मात्र सगळ्यांना ठाऊक आहे, आणि रीत टिकायला तेवढं पुरतं. सोयरीक ठरतानाच मुलीकडच्यांना सांगून ठेवतात, की लग्न लागायच्या आधी आमच्या जावयाला मांडवात बोलावून पुरुषांनी खांद्यावर घ्यायचा दुपट्टा आणि नारळ द्यायचा. जावई उगाच एकदोनदा नाही-नाही म्हणतो आणि मग छाती पुढे काढून घेतो.

टाय आला तेव्हा या घरचे जुने जावई पार जेरीस आले होते. धोतराच्या निऱ्या घालणारे हात ते, त्यांना हे लांबलचक चिंधूक कळेचना. एका नवरदेवाचा टाय तर शेवटी पिनेने सदऱ्याला टाचून वरात काढली होती. मग थोरली मुलगी रुपा हिचं लग्न झालं आणि मनिष जावई म्हणून आला. तो तुमसरला औषध कंपनीत होता. डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन बसणारा, रोज टाय लावणारा माणूस. घरातल्या चुलत-मावस भावांच्या लग्नांत त्याने टाय बांधले ते असे, की मुलीकडची पोरं मोबाइलवर फोटो काढून नेत. मनिष टाय घेऊन आतल्या खोलीत जायचा, दार लोटायचा, आणि थोड्या वेळाने तयार गाठ हातात घेऊन बाहेर यायचा. नवरदेवाच्या डोक्यावरून गळ्यात घालायचा, गाठ वर सरकवायचा, कॉलर खाली पाडायचा, झालं. लोक म्हणायचे, लक्ष्मणरावांना जावई मिळाला तर असा.

खरी गोष्ट एवढीच होती, की मनिषला टाय बांधता येत नव्हता. बांधायची रुपा. आतल्या खोलीत ती आधीच जाऊन बसलेली असायची.

त्याचं असं झालं. लग्न होऊन रुपा तुमसरच्या भाड्याच्या खोलीत आली तेव्हा खुंटीवर एक बांधलेला टाय लटकत होता. कंपनीने नागपूरला नेऊन मनिषला टाय शिकवला होता, आणि तो त्याच दिवशी संध्याकाळी विसरला होता. मग सोबतच्या एकाने बांधून दिला, आणि तीच गाठ हा गडी रोज सैल करून डोक्यातून काढायचा, रोज घालायचा. गाठीवर घामाची काळी रेघ चढली होती. नव्या नवरीने घर नीटनेटकं करायचं म्हणून रुपाने ती गाठ सोडली, टाय साबणात भिजवला, धुतला, वाळवला आणि वर इस्त्रीही केली. सकाळी मनिषने खुंटीकडे पाहिलं आणि मटकन खाटेवर बसला.

"हे काय केलं तू? आज मॅनेजर येऊन राहिला."

रडून भागण्यासारखं नव्हतं. रुपाने मोबाइलवर टाय बांधणारा एक माणूस शोधला, मोबाइल लोखंडी कपाटाच्या कडेला टेकवला, आणि कपाटाच्या आरशासमोर उभं राहून टाय स्वतःच्याच गळ्यात घातला. मोबाइलमधल्या माणसाचा उजवा हात तिच्या डावीकडे येई, आणि आरशात बघावं तर सगळं आणखी भलतंच. तिच्या मानेला घाम फुटला. मनिष मागे बुटाच्या नाड्या आवळत आणि सोडत बसला होता. शेवटी तिने त्या माणसाच्या हातांकडे पाहणं सोडलं आणि नुसतं कापड कुठून कुठे जातं ते पाहिलं. रुंद पदर अरुंद पदरावरून, मागून वळसा, पुन्हा समोरून, गळ्याजवळून वर, आणि समोरच्या फेरातून खाली. गाठ बसली. तिने ती सैल केली, डोक्यावरून काढली आणि नवऱ्याच्या गळ्यात घातली. मॅनेजर त्या दिवशी टायबद्दल काही बोलला नाही, म्हणजे जमलं होतं.

मग ते रोजचंच झालं. मनिष दाढी करायचा आणि रुपा आरशासमोर टाय बांधायची. तिला त्याची गोडीच लागली. रोजच्या फिरतीला साधी गाठ, जरा एका अंगाला कलणारी. मीटिंग असली की हाफ विंडसर. लग्नाकार्याला फुल विंडसर, दोन्ही अंगांनी वळसे घेऊन बसणारी, समोशासारखी रुंद. जाड कापडाला फेर कमी द्यायचे, पातळाला जास्त. गाठीखाली बोट दाबून एक खळी पाडली की टाय मरतुकडा दिसत नाही. हे सगळं ती शिकली, पण शिकली ती स्वतःच्या गळ्यावर. समोरच्याच्या गळ्यात बांधायला गेली की हात उलटे पडत. एकदा मनिषच्या गळ्यात समोरून बांधायला गेली तर असा पीळ पडला की सोडवताना दोघं हसून बेजार. पुन्हा तिने तो नाद केला नाही. गरजही नव्हती. तिच्या गळ्याची ऊब घेतलेला टाय रोज त्याच्या गळ्यात जायचा, आणि ते दोघांनाही आवडायचं.

पहिल्या लग्नात दुपट्टा-नारळ मिळाला तेव्हा मनिष सगळ्यांसमोर खरं सांगायला निघाला होता. तिनेच त्याची बाही धरली. म्हणाली, "राहू द्या. जवायाचा मान जवायालेच शोभते."

तुमसरच्या रस्त्यावर एका संध्याकाळी मनिषच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. लेकरूबाळ नव्हतं. लक्ष्मणराव तुमसरला जाऊन मुलीला कोंढ्याला घेऊन आले. रुपाने शिलाई मशीन टाकली. गावातल्या बायकांचे ब्लाउज, पोरांचे शाळेचे कपडे. धान रोवण्याच्या दिवसांत मशीन झाकून ठेवून चार बायांबरोबर शेताच्या बांधीतल्या चिखलात उतरायची. काम असलं की ती बरी असायची.

घरात तिच्या आधीची एक विधवा होतीच. लक्ष्मणरावांची बहीण आनंदाबाई. ऐन तरुणपणी नवरा गेला तेव्हा ती अशीच भावाकडे आली आणि इथेच म्हातारी झाली. जिभेला धार, नजर त्याहून तिखट. दुसऱ्यांच्या लग्नाची हळद पाट्यावर वाटायची ती, पण नवरदेवाला हळद लागायची वेळ आली की दाराआड जाऊन उभी राहायची. कुणी सांगायची वेळ तिने कधी कुणावर येऊ दिली नाही. आणि रुपा परत आल्यापासून कुठेही बारसं असो की वास्तुपूजा, बायकांच्या घोळक्यातून आनंदाबाईचा आवाज यायचा, "रुपे, तू मांगं ये." रुपा तिला भ्यायची. खरं सांगायचं तर भिण्याबरोबर तिला आत्याचा रागही यायचा, अगदी दातओठ खाण्याइतका. आपण म्हातारपणी अशाच दिसू का, हा विचार त्या रागाच्या तळाशी होता.

धाकटा भाऊ गोलू, लग्नपत्रिकेवरचा चंद्रकुमार, याचं लग्न लाखांदूरच्या धनीराम यांच्या मुलीशी ठरलं तेव्हा रुपाने आपणहून आईला सांगितलं, की मी हळदीला, कपड्यांना, कशालाच समोर येणार नाही, मागचं काम बघते. उषाबाई लगेच "बरं बाई" म्हणाल्या. आईने निदान एकदा तरी नको म्हणायला हवं होतं, असं रुपाला वाटलं आणि ते तिने गिळलं.

कपड्यांचा मान आता धाकट्या बहिणीच्या, गुड्डीच्या नवऱ्याचा. निकेश बपेऱ्याचा, धानाची शेती करणारा, दिलखुलास गडी. महिनाभर तो मोबाइलवर बघून टाय शिकत होता आणि फोनवर सांगत होता, "जमते ना आता, मस्त जमते." जमत होतंही. पण तो शिकला होता कुठल्याशा जुन्या, पातळ, निसरड्या टायवर. धनीरामांनी गोलूसाठी नागपुरात शिवून घेतलेल्या कोटाबरोबर जो टाय आला तो होता जाड, चकचकीत, चटणीच्या रंगाचा. तो न घालता गेलं असतं तर मुलीकडच्यांनी दिलेला कपडा नाकारल्यासारखं झालं असतं. असल्या कारणावरून वराती अर्ध्यातून फिरलेल्या या भागाने पाहिल्या आहेत.

लग्नाच्या सकाळी रुपा मागच्या खोलीत डबे भरत होती आणि समोरच्या खोलीतलं सगळं तिला भिंतीतून ऐकू येत होतं. दारात गाड्या लागल्या होत्या. चैताचं ऊन चढलं होतं. फोटोवाला दोनदा आत डोकावून गेला होता. गोलू हळदीच्या अंगाने, कोट घालून, हातात लिंबू टोचलेली कट्यार धरून खुर्चीत बसला होता, आणि निकेश त्याच्या गळ्याशी झटत होता.

"भाऊजी, हे मुठीएवढं झालं ना."

"थांब, सोडतो. थांब ना बावा."

पुन्हा बांधला, तर पुढचा पदर बेंबीच्या वरच अडकला. पुन्हा सोडला. लाखांदूरहून फोन आला, निघाले काय. लक्ष्मणराव अंगणातून ओरडले, निघाले म्हणून सांगा. कुणीतरी म्हणालं, "मनिषभाऊ असते तर आतापर्यंत पवनी पार झाली असती." रुपाच्या हातातला डबा तसाच राहिला.

थोड्या वेळाने निकेश मागच्या दाराने आत आला. टाय हातात चुरगळलेला, सदरा पाठीला चिकटलेला.

"ताई, मनिषभाऊ कसे बांधत होते, तुमी पाहत होत्या ना? जरासं सांगा ना. माही त इज्जत जाऊन राहिली."

रुपाने त्याच्याकडे पाहिलं. सांगायचं तरी काय, हा प्रश्न होता. तिने तोंडाने सांगितलं, रुंद पदर वरून, मग मागून. निकेशने स्वतःच्या गळ्यात करून पाहिलं आणि पुन्हा तोच गोळा. तिने टाय घेतला आणि कोपऱ्यातल्या माठाच्या गळ्यात टाकून दाखवायला गेली, तर तिचे स्वतःचेच हात चुकले. मागे उभं राहून जावयाच्या खांद्यावरून हात घालून बांधणं शक्य होतं, पण ते मनातसुद्धा आणायचं नव्हतं. बाहेर एका गाडीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचलेचना.

"जवाई, तुमी बाहेर थांबा," रुपा म्हणाली. "मी देतो बांधून. कोणाले सांगाचं नाई."

"मी कायले सांगतो, ताई. मीच बांधला म्हणतो." निकेश गेला आणि दार ओढून घेतलं.

खोलीत एकटीच राहिल्यावर रुपाला भीती वाटली. ही भीती लोकांची नव्हती. लोक तर बाहेर होते. ज्या गळ्यातलं मंगळसूत्र सगळ्यांनी मिळून उतरवलं होतं त्या गळ्यातून निघालेला टाय हळद लागलेल्या भावाच्या गळ्यात जाणार, आणि काही झालं तर? शिकलेली होती, मोबाइल वापरत होती, असल्या गोष्टी मानत नाही असं गुड्डीला सांगायची. पण भाऊ तिचा होता. मानत नाही म्हणणं सोपं होतं ते दुसऱ्याच्या भावाबद्दल. तिने टाय उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

मग भिंतीवरच्या लहानशा आरशासमोर उभी राहून तिने पदर मागे टाकला आणि टाय गळ्यात घेतला. कापड जाड होतं, म्हणून फुल विंडसरचा विचार सोडला आणि हाफ घेतली. हात आपोआप चालू लागले. इतक्या दिवसांनी गळ्याला ते वजन लागलं आणि तिला मनिषच्या दाढीच्या साबणाचा वास आल्यासारखं झालं. तिने ओठ घट्ट मिटले. रुंद पदर वरून खाली ओढला, आणि आरशात पाहिलं तर दारात आनंदाबाई उभी होती.

ओढलेलं दार तिने कधी उघडलं ते कळलंही नव्हतं. डोक्यावर पदर, हातात पानाचा डबा. ती रुपाकडे बघत नव्हती, रुपाच्या गळ्याकडे बघत होती.

रुपाचे हात जागच्या जागी थिजले. आता हाक येणार, आता आईला बोलावणार, आता अंगणापर्यंत आवाज जाणार. टाय भ्रष्ट झाला म्हणून चुलीत जाणार आणि नवरदेव टायवाचून निघणार. पण आनंदाबाईने हाक मारलीच नाही. बाहेरचा हॉर्न बंद झाला होता आणि लक्ष्मणरावांचा आवाज येत होता.

शेवटी रुपाने गाठीखाली बोट दाबून खळी पाडली, कारण अर्धवट सोडण्यातही काही अर्थ नव्हता. गाठ सैल केली, टाय डोक्यावरून काढला. आनंदाबाई दारातून बाजूला सरली. वाट दिली म्हणून सरली की शिवू नये म्हणून सरली, ते रुपाला कळलं नाही. तिने टाय बाहेर उभ्या निकेशच्या हातात ठेवला. समोरच्या खोलीतून गोलूचा आवाज आला, "वा भाऊजी, अगदी मनिषभाऊसारखा."

बायकांच्या गाडीत रुपा मागच्या सीटवर खिडकीशी बसली. आनंदाबाईने पुढची चांगली जागा सोडली आणि येऊन तिच्या शेजारी बसली. कोंढ्यापासून पवनीपर्यंत बायका गाणी म्हणत होत्या आणि रुपा आत्याच्या मांडीवरच्या हातांकडे बघत होती. पानाच्या डब्याचं झाकण ती उघडत होती आणि लावत होती. पान मात्र लावत नव्हती. ही कधी बोलेल, इथे की मांडवात? मांडवात बोलली तर गोलूचं काय, आईचं तोंड कसं दिसेल? ओरडून घेतलं असतं तर बरं झालं असतं, असंसुद्धा रुपाला वाटून गेलं.

वैनगंगेचा पूल ओलांडल्यावर बाकीच्या गाड्यांची वाट बघायला सगळे थांबले. एकेक गाडी आली. नवरदेवाची आली नाही. पाच-दहा मिनिटं कुणी काळजी केली नाही. मग लक्ष्मणरावांनी गोलूला फोन लावला, लागला नाही. निकेशला लावला, वाजत राहिला, उचलला नाही. बायकांची गाणी थांबली. उषाबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि आलेल्या वाटेकडे बघू लागल्या. एक ट्रक आला आणि गेला.

रुपाला त्या ट्रकचा आवाज सहन झाला नाही. तिने मान खाली घातली आणि आपल्याच गळ्यावर हात ठेवला. मीच केलं, असं तिच्या मनात आलं, सरळ, स्पष्ट, या शब्दांत. आनंदाबाई तिच्याकडे बघत होती. तिने बाजूची बाटली उचलली, झाकण काढलं आणि पुढे केली.

"पाणी पे."

एवढंच. रुपाने पाणी घेतलं, निम्मं अंगावर सांडलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, आली, आली. फुलांची गाडी पुलावरून येत होती. टायर पंक्चर झालं होतं आणि सगळे उतरून जॅक लावत होते, फोन गाडीत. गोलू खिडकीतून हात हलवत होता. उषाबाईंनी रस्त्यातच हात जोडले. रुपाला हसू आलं नाही. तिला फक्त घरी जावंसं वाटत होतं.

लाखांदूरच्या मांडवात गर्दी होती, पंखे होते, आणि माइकवर एक हौशी माणूस होता. रुपा सगळ्यात मागच्या खुर्च्यांत बसली. मुलीकडची पोरं नवरदेवाचा टाय बघत होती. एकाने वाकून फोटोही काढला. मुलीच्या आईने विचारलं, एवढा छान कोणी बांधला. उषाबाई म्हणाल्या, "आमच्या जवायानं." त्यांना ते खरंच वाटत होतं.

मग माइकवाल्याने हाक दिली. "नवरदेवाकडचे जावई निकेशभाऊ, बपेरा. मानाचा दुपट्टा आणि नारळ स्वीकारायले समोर यावं." निकेश उठला. त्याचे कान लाल झाले होते. त्याने एकदा मागे, रुपाकडे पाहिलं, आणि तिने बारीकशी मान हलवली, जा म्हणून. तिने मनिषलाही असंच पाठवलं होतं. निकेश मंचावर चढला, तिथे धनीराम दुपट्टा दोन्ही हातांवर धरून उभे होते.

बायकांच्या रांगेतून आनंदाबाई उठली.

रुपाला ते दिसलं आणि तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. जी बाई लग्नाच्या मांडवात कधी खांबाच्या पुढे गेली नव्हती ती सरळ समोर चालत गेली.

"थांबा. तो दुपट्टा त्यायचा नाई."

माइक चालूच होता. आवाज मांडवाच्या शेवटापर्यंत गेला.

"टाय जवायानं नाई बांधला. आमच्या रुपीनं बांधला. सोताच्या गळ्यात घालून बांधला, अन् मंग तो नवरदेवाच्या गळ्यात गेला. म्या पायलं."

पंख्यांचा आवाज एकदम मोठा झाला. उषाबाईंनी पदर तोंडाला लावला. मुलीकडच्या बायकांत कुजबुज सुरू झाली, आणि त्यातली एक जरा मोठ्याने म्हणाली, "पण त्या त..." आणि थांबली.

"हो," आनंदाबाई तिच्याकडे वळली. "तिच्या कपाळी कुकू नाई. माह्याबी नाई. म्या दारात उभी होती. थांबवाचं असतं त थांबवली असती. नाई थांबवली, म्हंजे माहीबी हो हाय." मग ती धनीरामांकडे वळली. "अन् आजचाच नाई. आमच्या घरच्या सगळ्या पोरायचे टाय तिनंच बांधले. मनिष निस्ता बाहेर आणत होता. दार लोटलं म्हून मले दिसत नाई काय? आता तुमाले लगन थांबवाचं असन त थांबवा."

आत्याला तेव्हापासून ठाऊक होतं. रुपाला हे समजायला एक क्षण लागला. गोलू कट्यार हातात धरून खुर्चीवरून अर्धा उठला होता आणि मान खाली घालून आपल्याच टायकडे बघत होता. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता, पण टायला त्याने हात लावला नाही.

धनीराम दुपट्ट्याकडे बघत उभे होते. सगळा मांडव त्यांच्याकडे बघत होता.

"लगन कायले थांबवू, बाई," ते शेवटी म्हणाले. "मी त इचार करून राहिलो, दुपट्टा माणसाचा हाय. बाईले कसा देऊ?"

कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, सुटल्यासारखे. निकेश तर इतक्या घाईने खाली उतरला की त्याची चप्पल वरच राहिली. "द्या इकडे," म्हणून आनंदाबाईने दुपट्टा धनीरामांच्या हातातून काढून घेतला आणि मागच्या खुर्च्यांकडे निघाली. माणसं बाजूला होऊ लागली.

रुपा उभी राहिली. मधल्या रांगेत तिचा एक चुलतभाऊ बसला होता. त्याचाही टाय मनिषने बांधला होता, म्हणजे लोक असंच समजत होते. त्याने मान वळवून विचारलं, "खरंच काय, ताई? मनिषभाऊले बांधता येत नव्हता?"

एक शब्द पुरला असता. मनिषचं या घरात जे नाव होतं ते सगळं या टायवर होतं. दुसरं त्याने मागे काही ठेवलं नव्हतं. येत होता, असं म्हटलं असतं तर आत्या म्हातारी आहे, तिला काय दिसतं, म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. रुपाने तोंड उघडलं. मेलेल्या माणसाच्या अंगावरचं काही ओढून घेतोय असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले.

"नाई," ती म्हणाली. "त्यायले येत नव्हता. मीच बांधत होती."

तिला वाईट वाटलं आणि मोकळंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यातलं कुठलंही तिने लपवलं नाही. आनंदाबाई समोर येऊन उभी होती. तिने दुपट्टा झटकला, रुपाच्या डोक्यावरून घेतला आणि गळ्यात घातला. मग त्याची दोन्ही टोकं सारखी करू लागली, आणि एक टोक खाली ओढलं की दुसरं वर सरकत असल्यामुळे तिला ते बराच वेळ जमेना.